तीन नंबर

बावतीस मिस्त्री आधी गाडीला हात लावत नाही.
बाजूला उभा राहतो, चालू ठेव म्हणतो.
माथारपाखाडीच्या तोंडाशी त्याचं गॅरेज, म्हणजे
एक शटर, एक खड्डा आणि अर्धा फुटपाथ.

मी सांगायला लागते : पेट्रोल फार पिते,
चढावर दम टाकते, काल भायखळ्याच्या पुलावर
मागे सगळे हॉर्न देत असताना
तो हात वर करतो.
"तू थांब. तिला बोलू दे."

चौऱ्याऐंशीची पद्मिनी, पिस्ता रंग,
आरसी बुकात अजून बाबांचंच नाव.

त्याचा डावा कान डॉकात गेला, रिव्हेटांच्या ठोक्यांत.
उजवाही आता कामापुरताच.
म्हणून तो हातभर लांब पेचकस घेतो,
टोक ब्लॉकवर टेकवतो
आणि लाकडी मूठ दातांत धरतो.
डोळे मिटून घेतो.
शेजारून बेस्टची बस जाते, त्याच्यासाठी जात नाही.
इंजिन त्याच्या कवटीत चालत असतं.

"टॅपेट ठीक. बेअरिंग अजून गप्प.
चारांतला एक मेलाय."

मग एकेक वायर उपटून बघतो.
पहिली काढली, गाडी अडखळली.
दुसरी काढली, मडगार्डवरचा चहाचा ग्लास थरथरला.
चौथीला बंद पडता पडता राहिली.
तिसरी काढली.
काही नाही.
तोच ठेका, तोच आवाज.
"हा," तो म्हणाला. "ज्याला काढून फरक पडत नाही, तो."

मी ग्लास उचलला. निवलेला चहा पिऊन टाकला.
आम्ही भावंडं चार. मी तिसरी.
नऊ वर्षं मस्कतला होते
आणि दर शुक्रवारी फोनवर विचारायचे, घर कसं चाललंय.
बाबा म्हणायचे, व्यवस्थित.
दर शुक्रवारी, एकाच पट्टीत. व्यवस्थित.

तिसरा प्लग ओला निघाला. काजळी नाही, तेल नाही,
नुसता पेट्रोलने ओला.
बाकीचे तिघे बिस्किटाच्या रंगाचे, सुखवस्तू.
"खायला मिळतंय याला. पेटत नाही."
पहिल्याचा प्लग इथे लावला, दोष इथेच राहिला.
वायर बदलली, तरी इथेच.
भोकावर अंगठा दाबून धरला, झुल्फीने सेल्फ मारला,
अंगठा फाटकन उडाला. "दम आहे."
एवढं म्हणून तो बिडी शोधू लागला. मग म्हणाला,
"अंधार पडू दे."

अंधार पडला तर म्युनिसिपालटीचा दिवा लागला.
शेवटी झुल्फीने ताडपत्री आणली
आणि आम्ही तिघांनी डोकी आत घातली,
सर्दीत वाफारा घेतात तशी.
पेट्रोल, ग्रीस, मिस्त्रीची बिडी, माझा खोकला.
आणि डिस्ट्रिब्युटरच्या कॅपवर
केसाएवढ्या चिरेतून
एक निळा धागा सुटत होता.
टिक. टिक. टिक.
ठिणगी निघत होती, अगदी वेळेवर निघत होती.
वाटेतच लोखंडात उतरत होती.

"खारी हवा," मिस्त्री म्हणाला. "चीर ओल धरते."

गाडी बंद करून कॅप उतरवली, बॅटरीच्या उजेडात धरली.
चिरेच्या कडेला लालसर काहीतरी सुकलेलं.
नखाने खरवडून त्याने मला दाखवलं.
"नेलपॉलिश. जुनी युक्ती.
एखाद-दोन पावसाळे निभावतं. कुणीतरी नीट लावलंय,
ब्रशने, दोन हात."

आईने आयुष्यात लावलं नाही.
थोरली तेव्हा नागपुरात, धाकट्या दोघांच्या हाती
हे काम कोण देणार.
कपाटाच्या वरच्या खणात माझी बाटली राहिली होती,
डाळिंबी, अर्धी.
मी मस्कतहून कधी तिची चौकशी केली नाही.

"नवी कॅप उद्या चोर बाजारात बघतो," मिस्त्री म्हणाला.
"आज घरी जायचं तर हेच."
झुल्फीला वीस रुपये दिले, कोपऱ्यावरच्या दुकानात धाडलं.
तो चार पावलं गेला आणि वळला.
"रंग कुठला आणू?"

मिस्त्रीला ऐकू आलं नसावं.
दोघंही माझ्याकडे बघत राहिले.